सौराष्ट्रचा छकडा : जागा थोडी, माणसे फार

जुनागढ शहरातून गिरनारच्या पायथ्याकडे निघाले की वाटेत एका इमारतीत जपून ठेवलेली प्रचंड शिळा पाहायला मिळते. सम्राट अशोकाचे १४ लेख तिच्यावर कोरलेले आहेत. त्यांतील दुसऱ्या लेखात माणसांच्या आणि जनावरांच्या सोयीसाठी रस्त्यांच्या कडेने विहिरी खोदल्याचा व झाडे लावल्याचा उल्लेख आहे. वाटसरूची काळजी राज्याने वाहावी, हा विचार या भूमीत इतका जुना आहे. अलीकडच्या काळात मात्र सौराष्ट्रातल्या आडगावच्या वाटसरूचा भार वाहिला तो प्रामुख्याने छकड्याने.

पुढून बुलेट, मागून गाडा

गिरनारला जाणाऱ्या मराठी दत्तभक्तांना छकडा ओळखीचा आहे. पुढून पाहावे तर मोटारसायकल : तेच हँडल, तीच पेट्रोलची टाकी, तेच खोगीर. मागून पाहावे तर दोन चाकांवरचा उघडा गाडा. पूर्वी यासाठी एन्फिल्ड बुलेटचा पुढचा भाग वापरीत. पुढे डिझेल इंजिन आले आणि त्याचा फटफटाट शेतांपलीकडूनही ऐकू येऊ लागला. रंगीत पट्ट्या, गोंडे आणि देवाचे नाव यांनी मालक त्याला नवरीसारखा नटवतो.

मेंदरडा, विसावदर, केशोद या भागातल्या शेतकऱ्याला भुईमुगाची पोती मार्केट यार्डात न्यायची असोत की आजारी म्हातारीला दवाखान्यात, एस.टी.ची वाट पाहण्यापेक्षा छकडा बरा वाटे. पोत्यांवर माणसे बसत, माणसांच्या मांडीवर मुले बसत, मागच्या फळीवर पाय सोडून तरुण बसत. आणखी कोणी हात केला तर चालक गाडी थांबवून म्हणे, ‘थई जशे’, म्हणजे होईल जागा! आता नव्या बांधणीच्या तीनचाकी गाड्यांनी छकड्याची जागा बरीचशी घेतली आहे. पण ‘थई जशे’ काही गेलेले नाही.

कायद्याच्या नजरेत

१ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक वाहनाच्या नोंदणीपत्रात आसनसंख्या लिहिलेली असते. दोन आसनांची मोटार असो, रिक्षा असो वा बस, त्या आकड्यापेक्षा जास्त प्रवासी नेणे हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्रीय कायद्यात प्रवासी वाहनातल्या प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड ठरवला गेला. शिवाय जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत वाहन पुढे नेता येत नाही.

मालवाहू म्हणून नोंदलेल्या छकड्याची गोष्ट आणखी वेगळी. तो पोत्यांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. त्याच गाडीत सहज चढलेल्या शेजाऱ्याला ते नाही. २००२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू वाहनातल्या अशा प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नसल्याचे स्पष्ट केले. मग ती जबाबदारी येते मालकावर. कर्ज काढून छकडा घेतलेल्या मालकाकडून मृताच्या कुटुंबाच्या हाती काय पडणार, हे सांगायला नको.

वाट्यातून वाटा

प्रवासी वाहनाचे गणितही गर्दीत बिघडते. हिमाचल प्रदेशात ४२ जणांची परवानगी असलेल्या बसमध्ये ९० जण होते आणि तिला अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निर्णय दिला, की विमा कंपनीची जबाबदारी ४२ प्रवाशांपुरतीच. मंजूर झालेल्यांपैकी सर्वांत मोठ्या ४२ रकमांची बेरीज कंपनीने भरावी आणि ती सर्व दावेदारांत प्रमाणात वाटावी. उरलेल्या रकमेसाठी पुन्हा मालकाचेच दार. म्हणजे तिकीट काढून रीतसर जागेवर बसलेल्या प्रवाशाच्या कुटुंबालाही विमा कंपनीकडून कमीच मिळाले. चालकाने जादा माणूस घेतला की तो आपल्या वाट्यातला वाटेकरी होतो, हे चढताना कुणाच्या ध्यानात येते?

अपघाताची भीतीही तीनचाकीला अधिक असते. पुढे एकच चाक. मागच्या फळीवर चार माणसे लटकली की मागचा भार वाढतो, पुढचे चाक हलके होते आणि हँडल वळवले तरी गाडी हवी तशी वळत नाही. वळणावर ती कलंडायला वेळ लागत नाही.

यात्रेकरूंसाठी

मुंबईहून वेरावळकडे जाणारी रेल्वे जुनागढवरूनच जाते. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या काळात गिरनारची सुमारे ३६ किलोमीटरची लीली परिक्रमा असते, तर महाशिवरात्रीला पायथ्याशी भवनाथची यात्रा भरते. या दिवसांत गुजरातची एस.टी. जादा बसगाड्या सोडते. २०२० पासून अंबाजीपर्यंत रज्जुमार्गही झाला आहे. दत्तशिखराच्या पायऱ्या मात्र त्यापुढे चालाव्याच लागतात.

भाड्याची गाडी ठरवताना दराबरोबर आसनसंख्याही विचारावी. माणसे जास्त असतील तर दुसरी गाडी करावी. स्वतःची मोटार असेल तर लहानग्याला पुढच्या आसनावर मांडीत घेऊ नये. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा खास आसन नसेल तर १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आडगावच्या माणसाला पुढची बस कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून तो फळीवर लटकतो. त्याची सोय राज्याने करायची आहे. दर्शनाला आलेल्या कुटुंबाला मात्र अर्धा तास थांबून पुढची गाडी धरता येते.