पीळ जातो, सांगाडा राहतो

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं म्हणणाऱ्या माणसाने जळालेला ट्रॅक्टर पाहिलेला नसावा. तिथे सांगाडा शाबूत राहतो आणि पीळ तेवढा जातो.

हे ज्ञान मला बी.कॉम.ला मिळालं नाही. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, बँका खेड्यात गेल्या आणि पुढे त्यांच्यामागून माझ्यासारखे कारकूनही गेले. आमच्या शाखेचे जुने खातेदार अण्णा. फडातलं पाचट पेटवलं, वारा फिरला आणि बांधावरचा त्यांच्या वडिलांच्या वेळचा बी-२७५ पेटला. 'म्हाताऱ्याला कशाला टॉनिक' म्हणून विमा केव्हाच सोडलेला. भंगारवाल्याने वजनावर भाव केला. अण्णा म्हणाले, "साहेब, हिशेबाला तेवढे या."

मी वही घेऊन गेलो. मिस्त्री कानस घेऊन आला होता.

"पाणी मारलं का कुणी?" त्याचा पहिला प्रश्न.

"विहिरीला होतंच कुठं?"

"बरं झालं. तापल्या बिडाला गार पाणी म्हणजे तडाच." पाणी नसल्याचा फायदा झालेला शेतकरी मी प्रथमच पाहिला.

मग तो हातोडीने एकेक भाग वाजवू लागला. खणकन वाजला तर धड, बद्द वाजला तर आत तडा. आमचे जुने कॅशियर रुपया असाच वाजवून घेत.

पुढच्या बाजूला ॲल्युमिनियमचं एक झाकण वितळून धिरड्यासारखं पसरलं होतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. बिडाला अकराशेच्या वर लागतात. म्हणजे इंजिनाचा ब्लॉक उभा होता, पण शेजारचं बेअरिंग निळं पडलेलं. पोलादाचं पाणी उतरलं की ते दिसायला पोलाद, वागायला शिसं. आमच्याकडेही असे काही अधिकारी आहेत.

अण्णांचा नातू चिकट काळ्या रबराला हात लावायला गेला, तसा मिस्त्री ओरडला, "हात नको! काही सीलांचं रबर जळलं की त्यातून भयंकर ॲसिड सुटतं."

मागच्या धुऱ्यावर रंग अजून टिकून होता. मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडली. तेलात बुडालेले दात चकचकीत. कानस फिरवली. चावली असती तर दात मऊ. ती नुसती घसरली. अण्णांनी कितीतरी वेळाने श्वास सोडला.

मी दोन रकाने आखले. नावे : बेअरिंगं, स्प्रिंगा, सगळे सील, वायरी, टायर. जमा : गिअरबॉक्स, मागचा धुरा, पुढची बिडाची वजनं. मिस्त्रीच्या आवारात गिअरबॉक्स फुटलेला दुसरा बी-२७५ दोन वर्षं पडून होता. त्याचं इंजिन ठीक. दोन मयत मिळून एक हयात.

"म्हणजे हा वडलांचाच म्हणायचा ना?" अण्णांनी विचारलं.

कायद्याने नंबर कुणाचा लागतो, ते आर.टी.ओ.ला विचारायचं होतं. मी तूर्त वहीत खाली लिहिलं : शिल्लक पुढे ओढली.

"ओढंल की," अण्णा म्हणाले.