चाकाचा ताळा

वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंतचा रस्ता फार लांबचा नाही. पण तेवढ्या अंतरात शतकानुशतकांचा इतिहास दाटलेला आहे. दक्षिणेला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, मध्ये गिरीज, भुईगाव, वाघोली परिसरातील केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, पुढे निर्मळचा तलाव, पूर्वेला अशोकाचे शिलालेख जिथे सापडले ते प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे, आणि उत्तरेला आगाशी. श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरामुळे आगाशी आपल्या वाचकांना परिचित आहेच. या मुलखाविषयी पुष्कळ लिहिले गेले. या मुलखात गाडीच्या चाकावर काय गुदरते, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

एकेकाळी येथील वाड्यांतला माल बैलगाडीने बाजारात जाई. गाडीवान निघण्यापूर्वी आसाला वंगण घाली आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला बसवलेली लोखंडी खीळ हाताने चाचपून पाही. आजच्या मोटारीत आस आणि वंगण बंद हबच्या आत दडले आहे आणि खिळीची जागा चार-पाच नटांनी घेतली आहे. ते डोळ्यांआड गेले, तशी ती चाचपण्याची सवयही सुटली.

त्यात हा प्रदेश खाडीचा, मिठागरांचा आणि सखल. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी चढून येथील लोकल ठप्प झाल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल. थोड्याफार प्रमाणात पाणी तर दर पावसाळ्यात साचते. चालून तापलेले चाक अशा पाण्यात हबपर्यंत बुडाले की आतली हवा थंड होऊन आकसते आणि रबरी सीलच्या फटीतून पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. ग्रीस खराब होते, पोलादी गोळ्यांवर गंज धरतो. गाडी त्या दिवशी काहीच बोलत नाही; तक्रार सुरू होते काही आठवड्यांनी, पाऊस विसरला गेल्यावर.

गेल्या कार्तिकात आम्ही सहकुटुंब या रस्त्याने निघालो होतो. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बँकेच्या बदलीने वसईत आलो आणि इथलेच झालो. सकाळी किल्ला, दुपारी आगाशीचे दर्शन, मग नातवासाठी अर्नाळ्याचा समुद्र आणि सूर्यास्तापूर्वी जेवायला घरी, असा बेत होता. गाडी मुलगा चालवीत होता. चारच दिवसांपूर्वी महामार्गावर पुढचे डावे चाक पंक्चर झाले होते आणि तेथल्याच एका दुकानात ते दुरुस्त करून बसवले होते.

वाघोली सोडल्यावर स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे डोलू लागले. वेग ताशी तीस किलोमीटरही नव्हता. मुलगा म्हणाला, “अण्णा, रस्ताच खराब आहे. आगाशी गाठू, मग बघू.” मागे बसलेल्या माझ्या पत्नीने एवढेच सांगितले, “सपाट रस्ता लागला तरी डुगडुग थांबलेली नाही.” निदानाची पहिली पायरी तिने ओलांडली होती. कंप रस्त्याचा असेल तर रस्त्याबरोबर बदलतो. चाकाचा असेल तर चाकाच्या गतीबरोबर बदलतो.

हे लक्षण ओळखण्यासारखे आहे. ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि वेग कमी केला की शांत होते, तेव्हा बहुधा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. अगदी मंद वेगातही डोलणे जाणवते, तेव्हा नट सैल असण्याची किंवा टायरला फुगवटा आला असण्याची शंका घ्यावी आणि पुढे न जाता थांबावे. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर मात्र बेअरिंगकडे बोट दाखवते. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. त्या वळणावर घरघर वाढली तर दोष बहुधा डावीकडचा समजावा.

गाडी रस्त्यापासून बाजूला, सपाट जागी घेतली. सगळ्यांना खाली उतरवून दूर सावलीत बसवले. टायरला फुगवटा नव्हता. पण पाना लावताच चारपैकी दोन नट जवळजवळ बोटांनीच फिरले. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगडांची अटक लावली, सगळे नट थोडे सैल केले आणि जॅकने चाक उचलून उतरवले. हबच्या आणि चाकाच्या टेकणाऱ्या पृष्ठांवर वाळलेला चिखल आणि गंजाचे पापुद्रे होते. असा थर मध्ये राहिला की नट कसल्यासारखे वाटतात. गाडी चालली की थराचा भुगा होतो, तेवढी फट पडते आणि नट ढिले होतात. सैल चाक तसेच पळवले तर त्याची छिद्रे लंबगोल होतात आणि स्टडची पेच झिजते. तसे झाले असते तर चाक पुन्हा बसवून गाडी चालवणे धोक्याचे होते. सुदैवाने छिद्रे गोल होती, पेच शाबूत होती.

दोन्ही पृष्ठे कोरड्या फडक्याने स्वच्छ केली. नटांना तेल लावले नाही. तेलाने घर्षण कमी होते आणि तेवढ्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. नटांची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून ते आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने पान्याने बसवले. चाक जमिनीला टेकवून त्याच क्रमाने पक्के केले. पान्यावर उभे राहून जोर देण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती टाळावी, कारण तिने स्टड ताणला जातो. लहान मोटारींसाठी हा जोर साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो टॉर्क रेंचने मोजता येतो.

मुलाने सामान आवरायला घेतले. मी मात्र चाक पुन्हा उचलायला लावले. बँकेत दिवसअखेर ताळा जुळला नाही की दहा पैशांचा फरक शोधण्यासाठी आम्ही रात्री उशिरापर्यंत बसत असू. खिशातले दहा पैसे टाकून मोकळे होण्याचा मोह नव्या कारकुनाला हमखास होई. पण तो लहानसा फरक कधी कधी दोन मोठ्या चुकांची वजाबाकी असे. म्हणून एक चूक सापडली तरी ताळा पुन्हा घ्यायचा, हा नियम. चाकाच्या बाबतीतही एक दोष सापडला म्हणजे तोच एकमेव दोष, असे धरून चालत नाही.

दोन्ही हात चाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ठेवून आळीपाळीने ढकलून-ओढून पाहिले. नट पक्के असूनही चाक किंचित हलले आणि ‘टक्’ असा बारीक आवाज आला. डावी-उजवी टोके धरूनही तेच. केवळ डावीउजवीकडे हालचाल असती तर स्टिअरिंगच्या टाय रॉडवर संशय गेला असता. दोन्हीकडे आहे म्हटल्यावर बेअरिंगची शक्यता वाढली. यंदाच्या जुलैत आमच्या सोसायटीच्या आवारात गुडघाभर पाणी साचले होते आणि मुलाची गाडी त्यातूनच घरी आली होती, हे तेव्हा आठवले.

अर्नाळा रद्द झाला. नातू हिरमुसला. मुलगा म्हणाला, “एवढंसं तर हलतंय!” मी म्हणालो, “एवढंसं हलतंय तोवरच थांबू या.” पत्नी, सून आणि नातू रिक्षाने आगाशीला गेले, आम्ही दोघे थांबलो. जवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक मोटारसायकलवरून आला. त्याने मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले. आता ते हलेना. “काका, बेअरिंगच आहे. बॉल जॉइंट असता तर ब्रेक दाबूनही हलला असता.” मग सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर तळवा ठेवून त्याने चाक हाताने फिरवले आणि मलाही तळवा ठेवायला सांगितले. वाळूवरून काही ओढत न्यावे, तशी खरखर स्प्रिंगमधून हाताला लागत होती.

रिकामी गाडी त्याने अगदी सावकाश गॅरेजपर्यंत नेली. जुने बेअरिंग प्रेसने काढले. त्यातले ग्रीस तांबूस, पाणचट झाले होते. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत मधला नट आवळून असा ढिलेपणा काढता येई. आजचे बंद बेअरिंग बदलावेच लागते. सुमारे दोन तासांत काम झाले आणि सूर्य मावळण्यापूर्वी सगळे घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी, साठेक किलोमीटर झाल्यावर, नट पुन्हा तपासले. एक नट थोडासा फिरला. चाक नव्याने बसवले की ते आपल्या जागी स्थिरावताना एवढे होऊ शकते. म्हणूनच ५० ते १०० किलोमीटरनंतरची ही तपासणी करायची असते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी गाडी आहे आणि तीत लहान मुले व वृद्ध बसतात. पंक्चर काढल्यानंतर, पाण्यातून गाडी गेल्यानंतर आणि लांबच्या यात्रेला निघण्यापूर्वी पान्याने नट पाहणे आणि हाताने चाक हलवून पाहणे, एवढे काम पाऊण तासाचेही नाही. गाडीत बसलेल्या कोणी ‘आवाज येतोय’ म्हटले तर त्यांना गप्प करू नये. बहुधा गाडी चालवणाऱ्याच्या आधी तो त्यांनाच ऐकू आलेला असतो.