काळीकाठी भेटलेला रोबो

जास्त वीज हवी म्हणून टर्बाइनची दारं उघडावीत, तर पहिल्या क्षणी वीज वाढायच्या ऐवजी चक्क कमी होते! मेकॅट्रॉनिक्सच्या एम.टेक.ला हे समीकरणात शिकले होते. पण ते खऱ्या अर्थानं उमगलं गणेशगुडीला, काळी नदीच्या काठावर.

वर 101 मीटर उंचीचं सुपा धरण, पायथ्याच्या वीजघरात 50-50 मेगावॅटचे दोन संच. संच चालू झाले की खाली नदी चढते आणि राफ्टिंगवाल्यांची लगबग सुरू होते. समोरचा कोरडा खडक बघता बघता पाण्याखाली गेला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे वीजघर म्हणजे रोबोच आहे!

आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ. ती राखायची तर 24 ध्रुवांच्या जनित्राला मिनिटाला 250 फेरेच घ्यावे लागतात. कुठं गिरणी सुरू झाली, कुठं पंप बंद पडले, की वेग ढळू पाहतो. सेन्सर तो मोजतो, गव्हर्नर निर्णय घेतो, तेलाच्या दाबावर चालणारा सर्व्होमोटर टर्बाइनभोवतीची दारं हलवतो, आणि पुन्हा मोजणी. डोळा, मेंदू, स्नायू, सगळं हजर!

मग तो उलटा झटका का? पाइपातलं टनावारी पाणी लगेच वेग घेत नाही. दार उघडताच टर्बाइनपाशी दाब पडतो, शक्ती घटते. पाण्यानं वेग घेतला की ती वाढते. उतावळा गव्हर्नर ही घट बघून दारं आणखी उघडेल आणि संच हेलकावे खाऊ लागेल. म्हणून त्याला मुद्दाम सबुरी शिकवलेली असते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हलक्या, लवचीक यंत्रहाताचं नेमकं हेच होतं! गळाची काठी झटक्यात पुढे नेली की शेंडा आधी मागे जातो, तसं त्याचं टोकही आधी उलट्या दिशेला सरकतं. नदीचं पाणी आणि यंत्रहात, दोघांच्या समीकरणाची ठेवण एकच! हे कळलं त्या रात्री मला झोप येईना.

जेम्स वॉटनं 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. असं यंत्र स्थिर केव्हा राहतं, याचं गणित मॅक्सवेलनं 1868 मध्ये मांडलं. आज आम्ही रोबोचे सांधे स्थिर ठेवतो ते त्याच गणिताच्या वाटेनं.

रोबोटिक्सला येणाऱ्यांनो, कोडिंग शिकाच. पण गतिशास्त्र आणि कंट्रोल थिअरीला घाबरून पळू नका. हे दोन विषय हाती आले की कुठलंही यंत्र परकं राहत नाही, मग ते प्रयोगशाळेतलं असो की काळीकाठच्या जंगलातलं!