तात्यांची पेन्सिल

पोलादपूर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं माझ्यावर ऋण आहे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. आमच्या पट्ट्यात फौजी माणसाचं अप्रूप नाही. महाड तालुक्यातल्या एका गावाचं नावच फौजी आंबवडे. पण तात्या सिग्नल्सचे, म्हणजे लष्कराच्या संदेशवहनातले, जबलपूरला शिकलेले. त्यांची सगळी नोकरी कानाची.

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, मोबाईलवर अफवांना नुसता ऊत आला होता. बैरूतच्या २०२० मधल्या स्फोटाचा व्हिडिओ भारतावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरला. ‘२० राज बटालियन’ची चौकी उडवल्याचा व्हिडिओ आला; अशी बटालियनच आपल्या सैन्यात नाही, हे सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला सांगावं लागलं. तशातच आमच्याकडे एक ऑडिओ आला. घाईघाईतलं बोलणं आणि खाली ओळ : ‘शत्रूच्या वायरलेसचा कोड फुटला’. आमच्या छोट्या साप्ताहिकात ही बातमी घ्यावी का, ते विचारायला मी तात्यांकडे गेलो.

त्यांनी क्लिप शांतपणे ऐकली. “शब्द कळतायत ना तुला? मग फुटलं काय? कोडमधलं बोलणं किल्लीशिवाय ऐकलंस तर नुसती खरखर येईल. हे कुणी उघड्यावर बोललेलंही असू शकतं. आता कोण, कुठून, कधी, ते यात दाखव.”

मग आतून ट्रान्झिस्टर आणला. एफएम लावलं, तर डोंगराआड ते गप्प. मीडियम वेव्हवर मात्र, रात्र असल्यामुळे, लांबलांबची स्टेशनं लागत होती. “जवानाच्या हातातला छोटा सेटही बहुतेक या एफएमसारखाच, समोर डोंगर आला की संपला. म्हणून कुणी ‘पकडलं’ म्हणाला, की आधी विचारायचं, पकडणारा कुठे उभा होता?”

“आणि खरंच कोड फोडणारा दवंडी पिटेल का?” दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचा कोड फोडला, ते जगाला उघडपणे कळलं १९७४ मध्ये. कारगिलच्या वेळी बीजिंगला गेलेले पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ आणि रावळपिंडीतले त्यांचे जनरल अझीझ यांचं बोलणं आपण पकडलं आणि ११ जून १९९९ ला जाहीर केलं. ते फोनवरचं होतं; आणि जाहीर केल्यानं ऐकण्याची ती वाट बुजली का, यावर पुढे बराच वाद झाला.

मी सहज विचारलं, “तुमच्या वेळी कोणता सेट होता, तात्या?” त्यांनी सरबताचा पेला पुढे केला आणि पावसाचा विषय काढला. मला जे समजावलं ते शाळेतल्या विज्ञानाच्या बळावर. नोकरीतलं एक अक्षर त्यात नव्हतं. निघताना म्हणाले, “खोटं आहे असंही छापू नकोस. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, इतकंच आपल्याला म्हणता येतं.” आम्ही क्लिपची बातमी केली नाही. खरं आणि खोटं यांच्यामध्ये ‘सांगता येत नाही’ हीसुद्धा जागा असते आणि तिथे उभं राहायला लाज वाटू नये, हे मला पत्रकारितेत कुणी शिकवलं नव्हतं.

या ऋणाचं मोल विचारलं तर तात्या उंबऱ्याबाहेर काढतील. म्हणून अंक तेवढा नेऊन देतो. ते चष्मा लावतात, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ कुठे आलंय ते शोधतात, पेन्सिलीनं गोल करतात आणि विचारतात, “हे सूत्र कुठे उभं होतं रे?”