ओढाताण

'ओढाताण' हा शब्द आपण सहसा तक्रारीच्या सुरांतच उच्चारतों. संसाराची ओढाताण, पैशाची ओढाताण, सासरमाहेरची ओढाताण! ज्याच्यामागें ती नाहीं तो सुखी, अशी आपली समजूत असते. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका सायकलच्या चाकानें या बिचाऱ्या शब्दाची बाजू माझ्यापुढें मोठ्या समर्थपणें मांडली.

चाकाविषयीं बोलण्याचा पनवेलकराला थोडासा वडिलार्जित हक्क आहे. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, आणि देशावर जाणाऱ्या मालाचें पनवेल हें दार बनलें. गाडीचीं चाकें करण्याचा इथला धंदा त्या शतकांत नांवाजलेला होता. त्या चाकाची रीत सरळ असे. मधें लांकडी तुंबा, त्यांत ठोकलेले जाड आरे, भोंवतीं पुठ्ठे आणि त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव. धाव निवतांना आकसे आणि सारें चाक आवळून धरी. गाडीचें ओझें खालच्या आऱ्यांवर उभें राही. खांबावर छप्पर उभें असावें तसें. आरा जाड, तर चाक बळकट!

सायकलच्या चाकाला हा न्याय लागू नाहीं. तिची तार बोटानें वांकते. ती खांब कशी व्हावी? ती दोन्हीं टोकांना ताणलेली असते, आणि त्या ताणांतच तिचें बळ असतें. ओझें आलें कीं खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, चाक फिरलें कीं पुन्हां चढतो. मूळचा ताण भरपूर असेल, तर तार हें निमूटपणें सोसते. तो अपुरा असेल, तर प्रत्येक फेऱ्याला ती सैल पडते, हिसका खाते, आणि अखेर मानेशीं तुटते.

आमच्या आळींत पाव घालणाऱ्या तरुणाला याचा अनुभव आला. पायांचे श्रम वांचावे म्हणून त्यानें मागल्या चाकांत विजेची हब मोटार बसवून घेतली होती. पुढें दर पंधरवड्यास एखादी तार तुटूं लागली. चाक बसलें कीं त्या दिवसाची कमाई बसली! मोटार विकणाऱ्यानें दोनदां जाड तारा घालून दिल्या; त्याहि तुटल्या. शेवटीं त्यानें एका वृद्ध सायकलवाल्याचें दुकान गांठलें. कुतूहलानें मीहि गेलों.

"काका, ह्याहून जाड तार मिळेल का?"

"जाड घालून काय करशील, पोरा? सैल असली की जाडसुद्धा तुटते."

म्हाताऱ्यानें सारें चाक सोडलें. मोटारीचा तुंबा ताटाएवढा, म्हणून तारा आंखूड. नेहमींप्रमाणें एक तार तिघींना ओलांडून नेली, तर ती रिमेशीं तिरपी जाऊन निपलापाशीं मोडते. त्यानें ती एकीलाच ओलांडून नेली. अगदीं सरळहि लावली नाहीं, कारण मोटारीचा जोर रिमेपर्यंत याच तारांनीं पोंचवावयाचा असतो. तारा त्यानें बारीक निवडल्या. जाड तार पुरती ताणली जाण्यापूर्वींच रिम हार खाते. बारीक तार अधिक लांबते, म्हणून धक्क्यासरशीं ढिली पडत नाहीं. तुंब्याचीं भोंकें मोठीं होतीं, तेथें तारेच्या डोक्याखालीं वायसर घातले. मग पाव पाव फेरा देत त्यानें आऊट काढला, जोडीजोडीनें तारा मुठींत दाबून बसत्या केल्या, आणि एकेक तार छेडून कान लावला. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरांत बोलूं लागल्या, तेव्हांच त्यानें पाना खालीं ठेवला.

त्यानंतर आषाढ गेला, श्रावण गेला. रस्त्यांतले खड्डे वाढले, पण तार एकहि तुटली नाहीं. पाव वेळेवर येऊं लागला, हा आमचा लाभ निराळाच.

मला वाटतें, आपल्या घरोघरच्या तक्रारींतहि दोष ओढीचा थोडा आणि वांटणीचा फार असतो. एक जण ढिला राहतो. त्याचा वांटा शेजारच्यांवर पडतो. आणि तुटणाऱ्याला आपण दुबळा म्हणून मोकळे होतों! एखादा जाडजूड कर्ता पुरुष आणून बसविल्यानें हें दुखणें बरें होत नाहीं. त्याला कुणी तरी एकेकाला छेडून, कान देऊन ऐकणाराच हवा. आणि असे कारागीर सायकलीच्या दुकानांतहि आतां विरळच भेटतात.