नखांचा रंग

आई अजूनही ताईला भेटली की आधी तिची नखं बघते. मग चेहरा, मग "जेवलीस का?" ताई ४२ वर्षांची आहे, तिचा मुलगा दहावीला आहे.

लहानपणी ही नखं जांभळी पडायची. अंगणात पकडापकडी खेळता खेळता ताई मध्येच थांबायची आणि गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसायची. कुणी शिकवलं नव्हतं. तसं बसलं की पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडसर होतो आणि हृदयातल्या छिद्रातून भलतीकडे निघालेलं रक्त फुप्फुसांकडे वळतं, हे मला फार पुढे कळलं. चार वर्षांच्या पोरीच्या देहाला ते आपसूक उमगलं होतं.

आजाराचं नाव टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. अशा निळ्या बाळांसाठी पहिली वाट बाल्टिमोरमध्ये उघडली, २९ नोव्हेंबर १९४४ला. कल्पना हेलन टाउसिग यांची. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटं टेकवून ठोके जाणायच्या. सुरी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या हातात होती. आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठे, कसा, हे सांगत होते विव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय, वैद्यकीय पदवी नसलेले. पण धमन्यांचा तो जोड प्रयोगशाळेत त्यांच्याच हातांनी सिद्ध झाला होता. मला या तिघांत सर्वांत जवळचे वाटतात ते थॉमस. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली, तेवढंच. दोष आत तसेच राहिले, पण ओठांवर रंग आला.

दोष दुरुस्त करणं १९५४मध्ये जमलं. ताईचं ऑपरेशन झालं १९८६ला, मुंबईत. छिद्रावर ठिगळ लावलं, फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद केली. डॉक्टर म्हणाले, "रिपेअर छान झालंय." आम्ही ऐकलं, "पोरगी बरी झाली." या दोन वाक्यांमधल्या अंतरात आमची पुढची ३७ वर्षं गेली. आईने बंद गळ्याचे फ्रॉक शिवले, ताई शाळेत धावली, लग्न झालं, बाळंतपण झालं. फाइल माळ्यावर गेली.

दोष कुणाचाच नाही. वाट रुंद करताना तिथली झडप बऱ्याचदा निकामी होते. पुढे गेलेलं रक्त प्रत्येक ठोक्याला थोडं मागे येतं, आणि उजवा कप्पा ते वर्षानुवर्षं निमूट सोसत ताणत जातो. ताईला वाटायचं, जिना चढून दम लागतो तो वयामुळे.

शेवटी टूडी एको आणि एमआरआयसाठी तिला बालहृदयरोग विभागात पाठवलं, कारण असं हृदय ओळखणारे डॉक्टर तिथेच बसतात. भिंतीवर हत्ती, जिराफ, बुटक्या खुर्च्या. शेजारच्या आईने विचारलं, "बाळ कुठंय तुमचं?" ताईने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

झडप बदलायची होती, पण दुसऱ्यांदा छाती उघडणं अवघड. हृदय जुन्या व्रणाने छातीच्या हाडाला चिकटलेलं असतं. करवत केसाच्या अंतराने चालवावी लागते. सर्जननी एक्स-रे उजेडावर धरला. छातीच्या मधोमध तारेच्या बारीक गाठी, एकाखाली एक. पाच वर्षांच्या मुलीच्या हाडाला घातलेल्या त्या गाठी आता मोठ्या हाडात रुतून बसल्या होत्या. जनावराच्या ऊतीपासून केलेली नवी झडपही कायमची नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. पुढच्या वेळी कदाचित जांघेतल्या शिरेतून बसवता येईल. २०००पासून तसं करता येतं. या वेळी आम्ही प्रत्येक शब्द वहीत लिहून घेतला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरने ताईचं नेलपॉलिश पुसलं. चौथ्या दिवशी आईला आत सोडलं. पंच्याहत्तरीची आई, मोतीबिंदू झालेली. तिने ताईचा हात उचलला, बोटं पसरली आणि नखं खिडकीच्या उजेडाकडे वळवली.