शेवटचं हिम

मैंदर्गीत वसंत ऋतू येतो तो उन्हाळ्याचा सदरा अंगात घालूनच. कोकीळ, आंब्याचा मोहोर वगैरे सरंजाम आमच्याकडे नाही असं नाही. पण इथला कोकीळ पाण्याच्या नावानं ओरडतो अशी माझी समजूत आहे. होळीच्या आतच पारा पस्तिशीला टेकतो आणि चैत्रात दुपारी अक्कलकोटच्या रस्त्यावर माणूस दिसला, तर तो नक्की परगावचा!

असे एक परगावचे म्हणजे आमचे पुण्याचे साडू. सहा महिने मुलाकडे इंग्लंडला राहून आले, ते बागकामाचं एक जाडजूड पुस्तक घेऊन. त्यात स्वच्छ छापलं होतं की कोबी, फुलकोबी, मुळा, वाटाणा, कोथिंबीर या थंडीच्या भाज्या वसंताच्या सुरुवातीला लावाव्यात. साडूंना ते पटलं आणि आमचं परसदार आठवलं. बियांची पाकिटं घेऊन ते गेल्या साली थेट वसंतपंचमीला दारात हजर! (वसंतपंचमी येते शिशिरात, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे वसंतही आगाऊ आरक्षण करून ठेवतो.)

"पुस्तकात लिहिलंय, शेवटचं हिम पडायच्या दोन आठवडे आधी पेरा," ते म्हणाले. "इथं शेवटचं हिम साधारण कधी पडतं?"

"इथं पहिलंच अजून पडायचंय," मी म्हणालो.

पुस्तकाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, कुदळ लागत नाही. गोठलेली माती मोकळी झाली की जो गारवा उरतो, त्याला ते लोक वसंत म्हणतात. आपल्याकडे तेवढ्याच गारव्याला हिवाळा म्हणतात, एवढाच काय तो भाषांतराचा घोटाळा. वाटाण्याला मराठी महिने येत नाहीत आणि इंग्रजीही येत नाहीत. त्याला फक्त ऊन कळतं. पारा तिशीच्या वर चढला की तो फुलं गाळून मोकळा होतो. कोथिंबिरीचंही तेच. दिवस मोठा झाला, ऊन चढलं की तिचं पानांतलं लक्ष उडतं आणि फुलोऱ्याकडे लागतं. मुळा तर आतून पोकळ होतो आणि वरून तिखट. असे मुळे मी कचेरीत पुष्कळ पाहिलेत.

शेजारच्या मळ्यातल्या अव्वा कुंपणापाशी उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. आमच्याकडे सकाळ मराठीत उजाडली तरी दुपार कानडीत होते. अव्वा दोन्ही एकदम बोलतात. "आता कशाला पेरायलाव अण्णा? ब्याड री!" ब्याड म्हणजे नको. "मेथी टाका वाटलं तर, महिन्यात निघंल. बाकी हत्तीवर पेरायचं असतंय."

साडूंनी पुस्तकाची सूची चाळली. हत्ती नव्हता.

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो. त्याआधी उत्तरा, नंतर १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रा, मग स्वाती. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. आमचा पाऊस जूनमध्ये हजेरी लावतो आणि खरं काम सप्टेंबरात करतो. त्या ओलीवर ज्वारी पेरायची आणि त्याच हिशेबात भाजी. कोबीचं बी हस्तात वाफ्यात टाकलं की महिन्यानं रोपं लावायला येतात. वाटाणा आणि गाजर ऑक्टोबरात. मेथी-कोथिंबीर चित्रापासून दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी. एकदम पेरली तर एकदम खावी लागते. ही फुलकोबी १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत पाहुणी म्हणून आली. तिनं दोनशे वर्षांत इथलं हवामान शिकून घेतलं. पण तिच्यातही हळवे आणि गरवे वाण असतात. हळवा वाण उशिरा लावला तर सदऱ्याच्या गुंडीएवढा गड्डा धरतो, गरवा भलताच लवकर लावला तर नुसती पानं काढत बसतो.

गंमत अशी, की आमचा सण चंद्रावर चालतो आणि पेरणी सूर्यावर. मार्गशीर्षातली येळ अमावस्या २०२४ साली ३० डिसेंबरला आली, २०२५ साली १९ डिसेंबरला. नक्षत्र मात्र दरसाल त्याच तारखेला, नोकरदारासारखं. येळ अमावस्येला सगळा गाव शेतात जेवायला जातो: बाजरीचे उंडे, आंबील आणि हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी. अमावस्या लवकर असली तर भज्जीतली मेथी कोवळी, उशिरा असली तर जून. पण हस्तात पेरणाऱ्याची भज्जी चुकत नाही.

साडू थांबले नाहीत. अख्खं परसदार पेरून, पाण्याची जबाबदारी आमच्या हिच्यावर टाकून पुण्याला गेले. आणि पाणी ही थट्टेची बाब नव्हे. आमची आणि अव्वांची विहीर सामाईक. माघात तिची एकेक पायरी उघडी पडायला लागते आणि फाल्गुनात मोटार अर्ध्या तासात हवा ओढते. कोबीला पानं आली, गड्डा नाही. वाटाण्याला फुलं आली ती गळली; सबंध पिकाचे दाणे मी स्वतः मोजले, अकरा. एके संध्याकाळी अव्वा रिकामी घागर घेऊन विहिरीवर आल्या. त्यांच्या दोन म्हशी सकाळपासून कोरड्या हौदापाशी उभ्या होत्या. अव्वा काही बोलल्या नाहीत. हिनं वाफ्यांकडे बघितलं, म्हशींकडे बघितलं आणि वाफ्याचा कॉक बंद केला. त्या दिवसापासून आमचं पाळीचं पाणीही हौदात जायला लागलं.

कोथिंबीर तेवढी उपटायची नाही असं अव्वांनी बजावलं. ती फुलली, वाळली, तिचे धने झाले. अव्वांनी ते फडक्यात बांधून ठेवले आणि हस्ताचा पाऊस पडून वाफसा आल्यावर चपलेखाली रगडून, एकेकाचे दोन करून आमच्याच परसात टाकले.

गणपतीत साडूंचा फोन आला होता. येळ अमावस्येच्या भज्जीबद्दल त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. "कधी येऊ?" त्यांनी विचारलं. मी फोन अव्वांकडे दिला.

"अमावस्येला जेवायला या की अण्णा," अव्वा म्हणाल्या. "पर त्याआधी हत्तीवर एकदा या. खुरपं आमच्याकडं हाय."